पाडवा, ईद आणि गाळलेलं मधलं नाव

स्पाइन रोडवरचे फलक बदलले की मला कॅलेंडर बघावं लागत नाही. गेल्या आठवड्यापर्यंत तिथे पैकीच्या पैकी गुण मिळवून देणाऱ्या क्लासवाल्यांचे चेहरे होते. काल निगडीहून मोशीला कामावर जाताना पाहिलं, तर त्यांच्या जागी गुढी उभी. शेजारच्या फलकावर चंद्रकोर. गुढीखाली स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या, चंद्रकोरीखाली वाकडचे फ्लॅट. पुढच्या चौकात कुणा हुशार माणसाने गुढीला तांब्याऐवजी चक्क प्रेशर कुकर उपडा घातलेला. स्कूटरवर बसल्या बसल्या मी मोठ्याने हसले. शेजारच्या रिक्षावाल्याने वळून पाहिलं. आले, म्हटलं, दिवस आले!

पाडवा आणि ईद हातात हात घालून येतात तो मोसम मला फार आवडतो. चैत्राचं ऊन, भाजलेल्या डांबराचा वास, रस्त्याकडेला गाठ्यांच्या माळा लटकवलेल्या हातगाड्या आणि त्यांच्याच पलीकडे शेवयांचे ढीग. हातगाडीवाला बहुतेक वेळा एकच असतो. सकाळी गाठ्या पुढे, संध्याकाळी शेवया पुढे. सणांचा बाजार झाला म्हणून हळहळणारी माणसं माझ्याही घरात आहेत. मी त्यांना या हातगाडीपाशी आणून उभं करते. बाजार सणात मागाहून घुसला असं मला वाटत नाही. गाठ्या कुणी तरी कायम विकतच होतं. फरक एवढाच की हातगाडीवाल्याला गिऱ्हाईक तोंडाने ओळखता येतं, आणि मोठ्या कंपनीला ते कागदावरून ओळखावं लागतं. या फरकाने एका वर्षी केवढी धमाल उडवली, ते आठवून आजही माझे पाय भराभर चालायला लागतात.

मोशीच्या पुढे, चाकणकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं प्रवासी व्हॅनचं शोरूम आहे. गाडी ग्राहकाच्या हातात देण्याचं खातं माझ्याकडे. आमच्याकडे पाडव्याची तयारी शिमग्याचे रंग धुवायच्या आधी सुरू होते. गाडीगणिक झेंडूचा एक हार, एक नारळ, चार लिंबं, कुंकवाची वाटी, पेढ्यांचा पुडा, फोटोसाठी पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली. मी हे सगळं आधी कागदावर मांडते, मग टेबलावर मांडते आणि मग रात्री झोपताना मनात मांडते. पाडव्याच्या सकाळी शटर वर गेलं की नव्या सीटच्या प्लास्टिकचा, कापराचा आणि नारळाच्या पाण्याचा मिळून एक वास येतो. तो वास बाटलीत भरून विकला तर मी पहिली बाटली घेईन. फरशी चिकट होते, लिंबं चाकाखाली फटाफट फुटतात, नव्या हॉर्नची परीक्षा चालते, कुणाची तरी आजी पुढच्या सीटवर बसून उतरायला नकार देते.

त्या वर्षी पाडव्याच्या मागोमाग ईद होती आणि कंपनीने दोन्ही सणांची एकच मोहीम काढली. ‘सण तुमचा, गाडी तुमची.’ दोन प्रकारचे खोके आले. भगव्यात गाठी, कडुलिंबाच्या वाटणाची गोळी आणि छोटी गुढी. हिरव्यात खजूर, अत्तराची कुपी आणि शुभेच्छापत्र. खोके देखणे होते. गोळी मात्र साखरेची निघाली. कडुलिंब गोड करून दाखवणारी जाहिरात एजन्सी किती पोहोचलेली असेल, तेव्हाच कळायला हवं होतं.

मोहीम सांभाळायला मुंबईहून तनिष्का नावाची मुलगी नेमली होती. फोनवरचा आवाज असा की जणू नेहमी जिना चढता चढताच बोलते.

“मॅम, ईदची डेट कन्फर्म करा ना. फोटोग्राफर बुक करायचाय.”

“चंद्र दिसला की कळवते.”

“अंदाजे?”

“एक दिवस किंवा त्याच्या पुढचा.”

“मॅम, दोन दिवसांचं बजेट नाहीये.”

“मग चंद्राला कोटेशन पाठव.”

ती खळखळून हसली. तिथेच आमचं जमलं. कामाला पक्की होती आणि माझ्याइतकीच उत्साही. फक्त तिची सगळी भिस्त संगणकावर. कोणत्या ग्राहकाला भगवा खोका, कुणाला हिरवा, कुणाची गाडी पाडव्याला द्यायची, कुणाची ईदला, हे सगळं त्यांच्या संगणकाने नावांवरून ठरवून पाठवलं होतं.

आमच्या वर्कशॉपचे सुपरवायझर सॅम्युअल गायकवाड मूळचे नगरकडचे. त्यांनी कागद हातात घेतला आणि मान हलवली. “मॅडम, या संगणकानंच मला मागं ‘हॅपी गुड फ्रायडे’ पाठवलं होतं. आमच्याकडं त्या दिवशी शोक असतो. हॅपी काय डोंबलाचं?”

“आणि दसऱ्याला?”

“दसऱ्याला शस्त्रपूजेच्या शुभेच्छा. पाना-पकडी पुजल्या मी, वाया कशाला घालवायच्या?” मग आवाज बारीक करून म्हणाले, “आपल्याकडं तीन गायकवाड हायेत. मी चर्चला जातो, गेटवरचा बुद्धविहारात जातो आणि अकाउंटचा आळंदीला. संगणकानं तिघांनाही एकाच दिंडीत घातलंय.”

मला तेव्हा उलगडा झाला. कंपनीच्या फॉर्मवर दोनच रकाने होते, नाव आणि आडनाव. आपल्याकडे माणसाचं अर्धं गाव, अर्धी कुळकथा त्याच्या मधल्या नावात बसलेली असते. बापाचं नाव काढून टाकलं की देशमुख कुठला, इनामदार कुठला, पटेल कुठला, आपल्यालाही सांगता येत नाही. मुंबईच्या संगणकाला कुठून येणार? पहिल्या नावाचीही खात्री नाही. नवसाने झालेल्या पोराला पिराजी म्हणणारी हिंदू घरं या पट्ट्यात गावोगाव आहेत आणि बाळू, राजू, दगडू हाका मारणारी मुसलमान घरंही तितकीच.

मी मूळ कागदपत्रांवरून मधली नावं ताडून पाहिली. मला असल्या कामात फार आनंद होतो, चहासुद्धा लागत नाही. दोन तांबोळी नेमके उलटे निघाले. दोघे कुरुळीचे. गावात एकांना वरचे तांबोळी म्हणतात, दुसऱ्यांना खालचे. दोघांचेही आजे विड्याची पानं विकायचे, तेवढंच नातं. संगणकाने पिराजी तांबोळीला ईदला टाकलं होतं. त्याचं पूर्ण नाव पिराजी ज्ञानोबा तांबोळी. आणि पाडव्याला टाकला होता बाळू तांबोळी. तो बाळू हुसेन तांबोळी.

मी दोघांची अदलाबदल लिहिली. तनिष्काला कळवलं, तीही खूश. दोन बाण दोन ओळींत, कागद कसा नीटनेटका दिसायला लागला. मग ग्राहकांना सांगायला फोन लावला. पहिला पिराजीला. फोन त्याच्या आईने उचलला.

“मावशी, तुमची गाडी ईदला नाही, पाडव्यालाच देतो आता.”

“पाडव्याला? कशापाई?”

“सण आहे ना तुमचा.”

“सन हाय म्हनून तर वेळ न्हाई, बाई. पुरनाचा घाट, पाव्हनंरावळं. आमाला ईदंलाच द्या. ईदंला आमी टेकाडावरच्या पिराला मलिदा घिऊन जातो. ह्यो पोरगा त्याच्याच नवसाचा. गाडी आधी तिथं न्यायची हाय.”

“पण उशीर चालेल ना?”

“साळंची पोरं न्यायचीत त्या गाडीतनं. साळा जूनला. गाडी काय नासतीय व्हय?”

मी फोन ठेवला आणि बाळूला लावला. तो कुठल्या तरी चौकात अडकला होता, मागे कंटेनरचे हॉर्न.

“ताई, काय बोलताय! मला पाडव्यालाच पायजे.”

“अरे, ईदला देते. घरचा सण आहे.”

“सण हाय, पर पोट पाडव्याला हाय, ताई. चाकणच्या कंपनीत कामगारांची ने-आण करायला माझी गाडी घेत्यात. त्यांचे मालक मुहूर्तवाले. नवीन गाड्या पाडव्यालाच लावत्यात. दुपारच्या पाळीआधी गेटवर गाडी दिसली न्हाई, तर मागं थांबलेल्याची लागंल. मी दुसऱ्याच्या गाडीवरची नोकरी सोडून बसलोय.”

मी खुर्चीत बसले. संगणकाने चुकीच्या कारणाने बरोबर तारखा टाकल्या होत्या आणि मी बरोबर कारणाने चुकीच्या. मला आधी हसू आलं, मग ते थांबलं. कारण दोन ओळी पुन्हा खोडणं आता माझ्या हातात उरलं नव्हतं.

तनिष्काच्या वरच्यांना तोवर एक कल्पना सुचली होती. नव्या मॉडेलची एक गाडी ईदला, फोटोग्राफरसमोर, सणाच्या कपड्यातल्या कुटुंबाला द्यायची आणि तोच फोटो चौकाचौकात लावायचा. आमच्या शोरूममध्ये त्या मॉडेलचा मुसलमान ग्राहक एकच, बाळू. म्हणून त्यांनी त्याची गाडी ईदसाठी राखून ठेवली. कंपनीने संगणकावरून मोकळी केल्याशिवाय आम्हाला बिल काढता येत नाही, आणि बिलाशिवाय गाडी फाटकाबाहेर जात नाही. पिराजीसाठी आलेली त्याच मॉडेलची गाडी त्याच रांगेत उभी होती. तिलाही तोच नियम, म्हणून ती बाळूला देता येईना.

“मॅम, आम्हाला ऑथेंटिक फॅमिली पाहिजे,” तनिष्का म्हणाली.

“त्या ऑथेंटिक माणसाचं काम जाईल.”

“मी वर बोलते. पण प्रॉमिस नाही करत.”

आमचे मालक अण्णा मूळ मोशीचे शेतकरी. रस्त्याला लागलेल्या रानात त्यांनी शोरूम उभं केलं. त्यांच्याकडे गेले. “बाई,” ते म्हणाले, “कंपनीशी वाकडं घिऊ नका. पर त्या पोराचंबी वाकडं हुता कामा न्हाई. काय करायचं ते तुमी बघा.” अण्णांचे सगळे निर्णय असेच असतात. दोन्ही बाजूंना कुंपण आणि मधे मी.

पाडव्याची सकाळ उजाडली. मी जरीच्या काठाची साडी नेसले होते आणि पायात बूट घातले होते, कारण पाडव्याला धावावं लागतं. शोरूमच्या दारात आंब्याचं तोरण, आत सनईची रेकॉर्ड. एकेक गाडी हार घालून बाहेर पडत होती. बाळू आणि त्याची बायको परवीन सकाळीच येऊन बसले होते. ती नव्या फिक्या जांभळ्या पोशाखात, तो इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. दोघांचाही रोजा होता. त्यांच्यासमोरून पेढ्यांची तबकं जात होती, थंडगार ताक जात होतं, आणि दोघं फक्त काचेपलीकडच्या आपल्या गाडीकडे बघत होते. गाडीच्या आरशाला ‘राखीव’ अशी हिरवी फीत बांधलेली. मी दर थोड्या वेळाने संगणकाकडे जात होते. गाडी मोकळी झाल्याचा संदेश नव्हता.

“ताई,” बाळूने एकदाच विचारलं, “व्हतंय का?”

“होतंय,” मी म्हणाले. का म्हणाले, मला माहीत नव्हतं.

तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा तनिष्का रडकुंडीला आली होती. “मॅम, सर म्हणतात ईदच्या फोटोत फॅमिली पाहिजेच. मी काय दाखवू?”

“पिराजी तांबोळीला दाखव.”

“पण ते हिंदू आहेत ना? तुम्हीच तर करेक्ट केलंत!”

“हिंदूच आहेत. ईदला नवी गाडी घेऊन पिराला मलिदा न्यायचा म्हणून त्यांनी स्वतः ईद मागून घेतली आहे. कपडे नवे असणार, आई बरोबर असणार. यात काय खोटं आहे? माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. नंबर देते, तूच आईंना विचार.”

तिने नंबर घेतला. पुढचं मला तिनेच नंतर सांगितलं. मावशींनी आधी विचारलं, तू कुणाची. मग, जेवलीस का. मग पिराजीच्या जन्माची कथा पहिल्यापासून, मधे पुरण हाटायला दोनदा उठून. तनिष्काला दोनच प्रश्न विचारायचे होते. उत्तरं मिळाली आणि टेकाडावर यायचं आमंत्रणही मिळालं. तिने ती गोष्ट तशीच्या तशी आपल्या साहेबांना सांगितली. साहेब म्हणाले, ही गोष्ट तर आपण पैसे देऊनही लिहून घेऊ शकलो नसतो. कंपन्यांचं हे मला मनापासून आवडतं. त्यांना माणूस समजायला वेळ लागतो; पण एकदा विकण्याजोगा वाटला की त्या त्याच्यावर जीव टाकतात.

संगणकावर हिरवी खूण उमटली. मी ओरडले. सनईवाल्या रेकॉर्डच्या वर आवाज गेला म्हणतात. सॅम्युअलनी हिरवी फीत तोडली, अकाउंटच्या गायकवाडांनी बिल काढलं, मी हार घेऊन धावले.

“नारळ?” मी बाळूला हळूच विचारलं. हे मी प्रत्येकाला विचारते. गृहीत धरत नाही.

“फोडा की, ताई. नारळ गाडीचा असतोय.”

नारळ सॅम्युअलनी फोडला. त्यांचा नारळ कधीच नीट फुटत नाही. पाणी बाळूच्या इस्त्रीच्या शर्टावर उडालं आणि परवीन पहिल्यांदा हसली. “घ्या, झाली धुलाई!” तिने पेढ्याचा पुडा ओढणीच्या टोकात बांधून घेतला, “संध्याकाळी रोजा ह्याच्यावरच सोडू.” बाळूने स्टिअरिंगला हात लावून बिस्मिल्ला म्हटलं. लिंबं फुटली. गाडी फाटकाबाहेर पडून उजवीकडे वळली, आणि पाडव्याच्या गर्दीने तुंबलेल्या चाकणच्या रस्त्यावर तिचं पांढरं छप्पर इंचाइंचाने पुढे सरकत राहिलं. मी पायऱ्यांवर उभी राहून त्या छपराला मनाने ढकलत होते. मागून कुणीतरी सही मागत होतं.

दुपारी जेवणाच्या डब्याचं झाकण उघडते तोच फोन वाजला.

“ताई, लागली!”

“कशाला लागली? कुठे ठोकलीस?”

“अवो गेटवर लागली! नंबर दिलाय. आता पाळी घिऊनच निघतोय.”

मी डब्यातली श्रीखंडाची वाटी सॅम्युअलना दिली आणि त्यांची चिकनची वाटी ओढून घेतली. पाडवा होता, माझ्या घरी कळलं असतं तर रामायण झालं असतं. पण त्या क्षणी मला तिखट काहीतरी हवं होतं.

ईदला चंद्राने फोटोग्राफरचं बजेट वाचवलं. पिराजी गुलाबी फेट्यात आला. फोटोग्राफर म्हणाला, फेटा नको. मावशी म्हणाल्या, फेटा न्हाई तर फोटू न्हाई. फेटा राहिला. त्यांच्या मांडीवर मलिद्याची परात, मागे गाडी, त्यामागे टेकाड. हिरवा खोका त्यांनी उघडून पाहिला, खजूर गाडीभोवती जमलेल्या पोरांना वाटले आणि अत्तराची कुपी कमरेला खोचली. दोनच दिवसांत तो फोटो भोसरीपासून चाकणपर्यंत झळकला. वर मोठ्या अक्षरात ‘ईद मुबारक’, खाली गाडी, मधे हसणाऱ्या मावशी. मी त्या रस्त्याने जाताना दर वेळी स्कूटर हळू करायचे.

जाहिरात उतरली, दुसऱ्या लागल्या. मला वाटलं, संपलं. पण फलक बघणाऱ्यांत बाळूच्या गाडीतले कामगारही होते. बीडचे, लातूरचे, काही बिहारचे. पुढच्या ईदला पाळी सुटल्यावर बाळूने सगळ्यांना आधी स्वतःच्या घरी शिरखुर्मा पाजला आणि मग गाडी सरळ वरच्या तांबोळ्यांच्या, म्हणजे पिराजीच्या, दारात उभी केली.

“चला रे, पोस्टरवाल्यांकडं! मावशी, गावभर ईद मुबारक म्हनलात, आता वाटी कुठाय?”

“मुडद्या, आदी सांगायचं न्हाई व्हय?”

“आदी सांगितलं असतं तर तुमी पळून गेला असता.”

मावशींनी त्या दिवशी सगळ्यांना गूळ-शेंगदाण्यावर वाटेला लावलं. पण गोष्ट मनाला लागली. त्यानंतरच्या वर्षी त्या परवीनकडे जाऊन शिरखुर्मा शिकून आल्या. खजूर किती भिजवायचा, शेवया कधी टाकायच्या, चारोळी कुठल्या दुकानातली घ्यायची. पहिल्या खेपेला पातेलं करपलं, करपलेलाच वाढला. आता ते ईदचं पातेलं त्यांच्या घरी दर वर्षी चढतं, आणि बाळूच्या गाडीचा तो एक थांबाच झाला आहे. त्याचं कंत्राट चालू आहे. गाडीत नवीन माणूस आला की त्याला आधी कारखाना दाखवतात, मग मावशींचं घर.

यंदा मलाही बोलावणं आलं. फोनवर मी थट्टा केली, “मावशी, तो फलक केव्हाच उतरला. कंपनी आता विचारायलासुद्धा येणार नाही. कशाला एवढा घाट घालता?”

“फलक उतरला आसंल,” मावशी म्हणाल्या, “पर मानसं खाली उभी ऱ्हायलीत न्हवं? त्यास्नी काय, रंगीत कागूद वाढू?”

पलीकडे पातेल्यावर झाकण आपटल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.